विश्लेषण : ‘कृषिदूत’ गावात शिकवायला येतात की शिकायला?

जुलै-ऑगस्ट उजाडला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास दिसते. ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे’ किंवा ‘कृषिदूतांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन’. छायाचित्रात बांधावर उभे असलेले विद्यार्थी, हातात फलक, शेजारी सरपंच आणि चार-पाच शेतकरी. या छायाचित्रामागे बी.एस्सी. (कृषी) पदवीचा एक संपूर्ण अभ्यासक्रम उभा आहे. त्यात वर्ग नाही, फळा नाही आणि पाठ करायला नोट्सही नाहीत. चार वर्षांच्या पदवीत शिकण्याची पद्धतच बदलून टाकणारा हा अभ्यासक्रम नेमका काय आहे, तो कधी खरा ठरतो आणि कधी नुसता उपचार, याचा कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यातून घेतलेला आढावा.

‘रावे’ म्हणजे काय?

‘रूरल अॅग्रिकल्चरल वर्क एक्स्पिरिअन्स’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो ‘रावे’. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थ्यांनी महाविद्यालय सोडून गावात राहायचे, एका यजमान शेतकऱ्याशी जोडून घ्यायचे आणि त्याच्या हंगामासोबत काम करायचे, अशी त्याची कल्पना. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या रंधावा समितीने १९९२ मध्ये हा कार्यक्रम पदवी शिक्षणाचा भाग करण्याची शिफारस केली. पुढे २०१५ मध्ये परिषदेने ‘स्टुडंट रेडी’ ही योजना आणली आणि रावे तिचा महत्त्वाचा घटक झाला. या काळात मुलग्यांना ‘कृषिदूत’ आणि मुलींना ‘कृषिकन्या’ म्हटले जाते.

मागणी मात्र त्याहून बरीच जुनी. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात गावच्या शाळांत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि त्यासाठी शाळेला जोडून छोटे नमुना शेत असावे, असे सुचवले होते. गावचे शिक्षण शहरापेक्षा थोडे कमी विषयांचे असले तरी चालेल, पण ते कमी उपयोगाचे नसावे, हा त्यांचा आग्रह होता. शेतीचे शिक्षण शेतात व्हावे, ही साधी गोष्ट पदवीच्या वेळापत्रकात यायला शंभरहून अधिक वर्षे गेली.

अभ्यासक्रमाची रचना कशी असते?

परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या रचनेत सातव्या सत्राचे २० आठवडे रावे आणि कृषी-औद्योगिक संलग्नता यांना दिले. त्यांना एकूण २० श्रेयांक. पहिला आठवडा तयारीचा. त्यानंतर आठ आठवडे गावात, पाच आठवडे कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रात, दोन आठवडे पिकांवरील रोग-किडींचे निदान करणाऱ्या केंद्रात आणि तीन आठवडे शेतीशी संबंधित उद्योगात. शेवटचा आठवडा अहवाल, सादरीकरण आणि मूल्यमापनाचा.

यात सर्वात मोठा तुकडा गावाचा आहे, हे लक्षात घ्यायला हवे. सत्र खरिपात येते, म्हणजे ऐन पावसात. इतर अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिक हे सिद्धांताचे शेपूट असते. आधी तास होतो, मग त्यातले काहीतरी प्रयोगशाळेत करून पाहायचे. इथे उलटे आहे. आधी शेत समोर येते आणि पुस्तकातला कोणता धडा उघडायचा, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागते. पाने पिवळी पडलेले भात ‘नत्राची कमतरता’ अशी चिठ्ठी चिकटवून उभे नसते. कारण पाणी साचण्याचे असेल, किडीचे असेल किंवा जमिनीचे असेल.

शिकण्याच्या पद्धतीत फरक काय पडतो?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचे चार टप्प्यांचे चक्र मांडले. अनुभव घेणे, त्यावर विचार करणे, त्यातून नियम काढणे आणि तो नियम पुन्हा वापरून पाहणे. परीक्षेसाठीचा अभ्यास बहुधा तिसऱ्या टप्प्यावर सुरू होतो आणि तिथेच संपतो. नियम कोणीतरी काढून दिलेला असतो, विद्यार्थी तो लिहून येतो. रावेमध्ये चारही टप्पे एका हंगामात येतात. रोजची दैनंदिनी लिहिणे हा विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटणारा भाग खरे तर दुसऱ्या टप्प्याचा आहे. ती रोज लिहिली तर विचार होतो. शेवटच्या आठवड्यात एकदम लिहून काढली तर फक्त अक्षर सुधारते.

गाव समजून घेण्यासाठी विद्यार्थी ‘सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन’ ही पद्धत वापरतात. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने किंवा खडूने गावाचा नकाशा काढायचा, विद्यार्थ्यांनी तो उतरवून घ्यायचा. मग शिवारफेरी. कर्जतमध्ये ती डोंगरउतारावरच्या जंगलातून निघते, नाचणी-वरीच्या वरकस जमिनीतून माळावर येते आणि खाचरांतून नदीपर्यंत पोहोचते. एका तासाच्या चालीत मातीचे किती प्रकार बदलतात, हे पायांना कळते. त्यानंतर ‘चपाती आकृती’. गावाला जी संस्था जितकी महत्त्वाची तितका कागदी गोल मोठा आणि ती जितकी हाताशी तितका तो जवळ. बँकेचा गोल मोठा पण दूर आणि दुकानदाराचा लहान पण अगदी चिकटून, असे चित्र उमटले की पीककर्जावरचा धडा निराळा वाटू लागतो.

कर्जत-खालापूरचा भातपट्टा वेगळा कसा?

या दोन तालुक्यांत भाताचे शास्त्र आणि भाताची शेती शेजारी-शेजारी नांदतात. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ मधले, म्हणजे शंभरी ओलांडलेले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’, ‘कर्जत-५’, ‘कर्जत-७’ असे तालुक्याचे नाव घेऊन राज्यभर गेलेले वाण इथले. ‘सह्याद्री’ हा संकरित भातही १९९८ मध्ये याच केंद्राने दिला. हळवे, निमगरवे, गरवे हा वाणांचा फरक पुस्तकात दिवसांच्या आकड्यांनी दिलेला असतो. उंचावरच्या, पाणी लवकर उतरणाऱ्या खाचरात हळवे आणि खोलगट जागी गरवे, ही निवड मात्र शेतकरी बांधावर उभा राहून करतो.

पाण्याची गोष्टही शिकण्यासारखी. घाटमाथ्यावर टाटांच्या धरणांत अडवलेले पाणी नळांतून खाली सोडून खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून वीज तयार होते. भिवपुरीचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी राजनाला कालव्यातून कर्जतच्या शेतीला मिळते. त्यामुळे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात दोन प्रकारची गावे आहेत. कालव्याखाली असलेली, उन्हाळी भात घेणारी आणि दिवाळीनंतर शिवार कोरडे पडणारी. दोन गटांतल्या विद्यार्थ्यांनी दोन गावांची ‘हंगाम दिनदर्शिका’ काढून शेजारी ठेवली, तर सिंचनाचा आख्खा पाठ एका तक्त्यात मावतो.

एका खाचराला तीन उत्तरे कशी?

परीक्षेत प्रश्नाला एक बरोबर उत्तर असते. कर्जत तालुक्यात ‘भात कसा लावावा’ या प्रश्नाची निदान तीन उत्तरे समोर दिसतात. पहिले पारंपरिक. राब भाजायचा, रोपे तयार करायची, चिखलणी करून लावणी. दुसरे ‘चारसूत्री’, म्हणजे डॉ. ना. के. सावंत यांनी विकसित केलेली पद्धत. तिची चार सूत्रे अशी : भाताच्या तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला खत म्हणून चिखलात मिसळणे, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचणे. तिसरे ‘सगुणा’ तंत्र अर्थात ‘एसआरटी’. नेरळजवळच्या सगुणा बागेतील शेतकरी शेखर भडसावळे यांनी ते रुजवले. यात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर साच्याने खुणा पाडून बी थेट टोकायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची आणि पुन्हा नांगरट करायची नाही.

चारसूत्री चिखलावर आधारलेली, तर एसआरटी चिखलच नाकारणारी. मग बरोबर कोण? चारसूत्री खताची नासाडी कमी करते, पण मनुष्यबळ मागते. एसआरटी मजुरी वाचवते आणि माती टिकवते, पण तण आवरण्यासाठी बहुधा तणनाशकाचा आधार घेते. पारंपरिक पद्धतीत कष्ट सर्वाधिक, पण ती सगळ्यांना येते आणि त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. कोणती पद्धत कोणाला परवडते, हे जमीन, पाणी, घरातली माणसे आणि हातातला पैसा यांवर ठरते. ‘बरोबर उत्तर कोणते’ ऐवजी ‘कोणासाठी बरोबर’ असे विद्यार्थी विचारू लागला, तर रावेचे निम्मे काम झाले.

आकडेमोडीतून काय कळते?

चारसूत्रीचेच गणित पाहू. दोन चुडांतले अंतर दोन्ही बाजूंनी एकाआड एक १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवायचे. म्हणजे चार चुडांचा एक चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल जाते. हा नमुना दर ४० सेंटिमीटरला पुन्हा येतो, म्हणजे एका गोळीच्या वाट्याला ०.१६ चौरस मीटर जागा. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. भागाकार केला की गुंठ्याला सुमारे ६३० गोळ्या आणि वजनाने साधारण १.७ किलो खत. वर फेकलेला युरिया कोकणच्या पावसात वाहून जातो किंवा हवेत उडून जातो. खोल खोचलेली गोळी मुळांजवळ हळूहळू विरघळते. इथवर सगळे वर्गातही समजते.

पुढचा गुणाकार शेतात होतो. ४० गुंठ्यांचा एक एकर. म्हणजे एकराला सुमारे २५ हजार गोळ्या. प्रत्येक गोळी वाकून, बोटाने, चिखलात. अर्ध्या गुंठ्यात तीनशे गोळ्या स्वतः खोचल्यावर कमरेला जे कळते, ते पुस्तकातल्या ‘अवलंबन कमी’ या दोन शब्दांत कधीच कळत नाही. शेतकरी सुधारित तंत्र का स्वीकारत नाहीत, या प्रश्नाला विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ‘अज्ञान’ किंवा ‘परंपरा’ असे लिहितात. खाचरातून वर आलेला विद्यार्थी ‘मजूर कुठून आणायचे’ असे लिहितो. दुसरे उत्तर अधिक खरे आहे, कारण त्यामागे त्याची स्वतःची कंबर आहे.

गाव म्हणजे नेमके कोण?

ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये पाहुण्या तज्ज्ञांच्या सवयींवर बोट ठेवले. हे तज्ज्ञ डांबरी रस्त्याकडेची गावे पाहतात, बहुधा कोरड्या ऋतूत जातात, पुढाऱ्यांशी व पुरुषांशी बोलतात आणि ज्यांच्याकडे आधीच एखादा प्रकल्प पोहोचला आहे, त्यांच्याकडेच नेले जातात. रावे पावसाळ्यात असल्याने त्यातला एक दोष आपोआप टळतो. कर्जत-खालापूरला पावसाळी पाहुण्यांची कमतरता नाही, पण ते धबधब्यापर्यंत येतात. लावणीच्या खाचरापर्यंत विद्यार्थी पोहोचू शकतात.

बाकीचे दोष मात्र ठरवून टाळावे लागतात. यजमान शेतकरी बहुधा रस्त्याजवळचा, जमीन बाळगून असलेला पुरुष असतो. लावणी करणारे बहुतेक हात बायकांचे असतात आणि सातबारावर त्यांचे नाव बहुधा नसते. डोंगराकडेला ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी हा राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. पावसात या वाड्या भरलेल्या असतात, दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि घरांना कुलूप लागते. गावात ऑगस्टमध्ये काढलेल्या नकाशात जानेवारीची कुलपे दिसत नाहीत, म्हणून ती विचारावी लागतात. कोणत्या रानभाज्या कधी येतात आणि कुठली जमीन कधी पाणी धरते, याची माहिती या वाड्यांत आहे. ‘मार्गदर्शन’ करायला गेलेल्याला ती मिळत नाही.

आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, खोपोलीचे कारखाने, फार्महाउस आणि वाढती वस्ती यांमुळे इथल्या खाचरांना भातापेक्षा भूखंड म्हणून जास्त किंमत आली आहे. ‘उत्पादन कसे वाढवाल’ हे शिकून आलेल्या विद्यार्थ्याला यजमान विचारतो, ‘हे विकू की ठेवू?’ याचे उत्तर कृषिविद्येच्या पुस्तकात नाही. पण हा प्रश्न त्याच्या अहवालात यायलाच हवा.

हा अभ्यासक्रम उपचार कधी ठरतो?

बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक रावेमध्ये सर्वाधिक होते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून तीन टक्क्यांचे द्रावण करायचे, त्यात बी ओतायचे, तरंगणारे पोचट बी काढून टाकायचे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे आणि मग बुरशीनाशक चोळायचे. कृती स्वस्त आहे आणि उपयोगाचीही. पण भाताची पेरणी जूनमध्ये होते. सत्र उशिरा सुरू झाले आणि विद्यार्थी लावणीच्या दिवसांत गावात पोहोचले, तर हे प्रात्यक्षिक यंदाच्या बियाण्यासाठी निरुपयोगी. शेतकरी सौजन्याने उभा राहतो, छायाचित्र निघते, बातमी छापून येते, गुण मिळतात. शिकणे कोणाचेच होत नाही. त्या आठवड्यात खोडकिडा, करपा किंवा पाण्याचा निचरा यांवर बोलले असते तर शेतकऱ्याने स्वतः चार प्रश्न विचारले असते.

मूल्यमापनाचा कलही इथे आड येतो. किती प्रात्यक्षिके घेतली, किती मेळावे झाले, किती कात्रणे जोडली, हे मोजणे सोपे. विद्यार्थ्याचे मत गावात आल्यावर कुठे बदलले, हे मोजणे अवघड. पण तेच विचारायला हवे. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या संकटातून ‘शेतीशाळा’ सुरू झाल्या, तेव्हा त्यांत व्याख्यान नव्हते. शेतकरी दर आठवड्याला आपल्याच शेतात उतरून किडी आणि त्यांचे शत्रू मोजत, चित्र काढत आणि फवारायचे की नाही हे स्वतः ठरवत. महाराष्ट्रात कृषी विभागाच्या शेतीशाळा त्याच कल्पनेवर चालतात. कृषिदूतांनी अशा एका शेताची आठ आठवडे नोंद ठेवली, तर ती दहा प्रात्यक्षिकांपेक्षा जास्त शिकवेल.

गावाला काय मिळते?

यजमान कुटुंब वेळ देते, शेत देते, अनेकदा जेवणही देते. त्या बदल्यात गावाचा नकाशा, हंगाम दिनदर्शिका आणि समस्यांची यादी असलेला अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जातो. तो गावाकडे परत यायला हवा. सोय वेळापत्रकातच आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा याच सत्रात येते. विद्यार्थ्यांनी आपला अहवाल तिथे मराठीत वाचून दाखवला, तर दोन गोष्टी होतील. चुकीची नोंद गावकरी तिथल्या तिथे दुरुस्त करतील आणि विद्यार्थ्याला खऱ्या परीक्षकांसमोर उभे राहावे लागेल.

इतर शाखांसाठी यात काय धडा?

हा विषय आता कृषी शाखेपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयात कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या पदवीतही क्षेत्रीय प्रकल्प, समाज सहभाग आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे लागू होऊ लागले, म्हणजे कर्जत आणि खोपोलीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही यात आले. अशा कामाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात साधारण ३० तास धरले जातात. रावेच्या आठ आठवड्यांपुढे हे थोडे आहेत, म्हणून ते वाया घालवणे अधिक सोपे आहे.

तीन दशकांच्या रावेचा अनुभव त्यांना कामी येऊ शकतो. विषय हंगामाशी जुळता घ्यावा, एकाच जागी पुन:पुन्हा जावे, रस्त्यापासून लांबच्या माणसाशी बोलावे, रोजची नोंद रोज लिहावी आणि अहवाल ज्यांच्याविषयी आहे त्यांना दाखवावा. खोपोलीचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी भाजीबाजाराचा हिशेब मांडू शकतो, कर्जतचा विज्ञानाचा विद्यार्थी उल्हास नदीच्या पाण्याच्या वर्षभर नोंदी ठेवू शकतो. त्यासाठी लांब जायला नको.

पुढच्या पावसाळ्यात ‘मार्गदर्शन’ असा मथळा पुन्हा दिसेल. बातमीत त्या विद्यार्थ्यांना शेतकऱ्याकडून काय कळले याचीही एक ओळ असेल, तर तो अभ्यासक्रम नीट चालला आहे असे समजायला हरकत नाही.